न शमणारी तहान : कल्याणच्या शाळेतून निघालेल्या एका वाटसरूची कथा

आषाढी एकादशीच्या दिवशी शहाडच्या बिर्ला मंदिराकडे जाणारा रस्ता पहाटेपासून माणसांनी फुलून जातो. ज्यांना पंढरपूर गाठता आले नाही असे कल्याण, उल्हासनगर, आंबिवली, टिटवाळा या भागांतील असंख्य भाविक येथील विठ्ठलापुढे माथा टेकवितात आणि समाधानाने घरी परततात. आम्ही शहाडचे ख्रिस्ती रहिवासी दरवर्षी ही गर्दी पाहतो आणि तिच्या कडेकडेने स्टेशन गाठतो. मात्र एक प्रश्न दरवर्षी मनात उभा राहतो. भर पावसात तासन्‌तास रांगेत उभ्या असलेल्या त्या वृद्ध बाईला नेमके काय हवे असते? तिने देवाजवळ काही मागितले असेल, कदाचित नसेलही. परंतु तिच्या चेहऱ्यावर मागण्याच्या पलीकडले काहीतरी असते. त्याला आपल्या भाषेत ओढ म्हणतात, आर्त म्हणतात, तळमळ म्हणतात.

मग हा प्रश्न आमच्याकडेच वळतो. रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना म्हटल्या जातात. नोकरी, आजारपण, मुलांच्या परीक्षा, घराचे कर्ज अशी आमच्या मनातली यादी लांबतच जाते. त्यात गैर काही नाही; रोजची भाकर मागायला खुद्द प्रभूनेच शिकविले आहे. परंतु देवाजवळ केवळ देवच मागावा, ही वृत्ती आपल्या प्रार्थनेत कितीशी उरली आहे? आणि ख्रिस्ती माणसाला देवाची ही तहान लागली, तर ती मराठीत बोलते तरी कशी? या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आमच्या शहाडला लागून असलेल्या कल्याण शहरात लहानपणाची काही वर्षे काढलेल्या एका माणसाच्या आयुष्यात ते आपल्याला सापडते. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी या परिसराचा थोडा मागोवा घेणे उचित ठरेल.

खाडीकाठची जुनी प्रार्थना

ख्रिस्ती श्रद्धा या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच आली, असा समज अजूनही अनेकांच्या मनात घर करून आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास कॉसमस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ या बंदराची नोंद केली आहे. तेथे इराणातून नेमलेला बिशप असतो, असे तो सांगतो. हे कल्लियाना म्हणजेच आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. इराणी ख्रिस्तसभेची उपासना सिरियाक भाषेत चालत असे. उल्हास नदीच्या मुखाशी नांगरलेल्या जहाजांच्या सान्निध्यात कोणीतरी त्या परक्या भाषेत प्रभूला हाक मारीत होते. ती माणसे काळाच्या ओघात लुप्त झाली आणि त्यांच्या प्रार्थनेचा एकही शब्द या मातीत उरला नाही.

पुढे १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी आले. टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस अशी त्यांची नावे. ठाण्यात त्या वेळी नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची काही घरे होती आणि त्यांनीच या पाहुण्यांना आसरा दिला. नगरातील अधिकाऱ्यांसमोर झालेल्या धर्मवादानंतर त्या चौघांना प्राण गमवावे लागले. पोर्देनोनेचे ओडोरिक यांनी नंतर त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. या रक्तसाक्षींची कथा लॅटिन ग्रंथांत टिकली. मराठीत मात्र तिचा मागमूस राहिला नाही.

मराठीने ख्रिस्ती भक्तीला पहिला मोठा ग्रंथ दिला तो गोमंतकात. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का लिहिला गेला, याचे कारण ग्रंथातच आले आहे. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांपैकी एक जण पाद्रीगुरूंना विचारतो, की शिकवण तर आम्हांला मिळाली. पण पूर्वी आम्ही पुराणे ऐकत होतो, तसे काही आमच्या हाती नको का? ही तक्रार वरवर साधी दिसते, परंतु तिच्यात एक मोठे सत्य दडलेले आहे. धर्मशिक्षणाने बुद्धीला उत्तरे मिळाली होती. मनाची ओढ व्यक्त करायला मात्र शब्द उरले नव्हते. ज्याच्याजवळ शिकवण आहे पण गाणे नाही, त्याची श्रद्धा कोरडी पडते, हे त्या भाविकाने ओळखले होते. स्टीफन्स यांनी ती तक्रार मनावर घेतली, हा त्यांचा मोठेपणा होय. १६४९ आणि १६५४ साली या पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यात स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली आणि या परंपरेला फार मोठा धक्का बसला.

शहाडवरून जाणाऱ्या दोन वाटा

आता आपल्या वाटसरूकडे वळू. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. ‘केवढे हे क्रौर्य!’ आणि ‘वनवासी फूल’ या कवितांचे कवी म्हणून शालेय पुस्तकांमुळे ते मराठी घराघरांत परिचित आहेत. मात्र १८६९ ते १८७३ ही त्यांच्या शिक्षणाची आरंभीची वर्षे कल्याणात गेली, हे आमच्या भागातही फारच थोड्यांना ठाऊक असते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असणाऱ्या होत्या; वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. लहान वयातच आईचे छत्र हरपले. कल्याणनंतर नारायण नाशिकला गेला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला.

शहाडवरून दोन वाटा जातात. एक लोहमार्गाची. कल्याणहून सुटलेली गाडी शहाड सोडते, उल्हास नदी ओलांडते आणि कसारा गाठून घाटमार्गे नाशिककडे जाते. हा लोहमार्ग १८६५ सालीच घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला होता. दुसरी वाट रस्त्याची. ती मुरबाडवरून माळशेज घाट चढून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जाते. टिळकांच्या आयुष्याचा नकाशा मांडला, तर या दोन्ही वाटांची टोके त्यात येतात. नाशिकला त्यांना संस्कृत विद्या मिळाली. नगरला त्यांचे ख्रिस्ती जीवन बहरले. आम्ही रोज लोकलच्या दारात उभे राहून ज्या रुळांकडे निर्विकारपणे पाहतो, ते एका शोधाच्या दिशेने गेलेले आहेत, ही जाणीव आम्हांला फार उशिरा झाली.

हा शोध दीर्घ आणि खडतर होता. टिळक एका गावी फार काळ स्थिरावत नसत. कधी कीर्तन करीत, कधी शिकवीत, कधी लेखन-संपादन करीत ते गावोगाव फिरले. या अस्थिरपणाचे खापर काहींनी त्यांच्या लहरी स्वभावावर फोडले आणि त्यात काही अंशी तथ्यही असेल. परंतु त्याच्या मुळाशी एक अतृप्ती होती. देशबांधवांचे दैन्य आणि जातिभेदाने दुभंगलेला समाज पाहून ते अस्वस्थ होत. सर्वांना एकत्र आणील असा धर्म कोणता, याचा ते ध्यास घेऊन विचार करीत. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असेल. पण पुस्तक त्यांनी वाचले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी ते थांबले आणि त्यातून त्यांना बाहेर पडता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पंढरपुरातील एक तळमळ

येथे कथा संपवून टाळ्या वाजविण्याचा मोह आपल्यासारख्या वाचकांना होतो. तो आवरला पाहिजे. कारण या बाप्तिस्म्याची किंमत ज्या व्यक्तीने सर्वांत अधिक मोजली, ती टिळक नव्हे. लक्ष्मीबाई १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास टिळकांच्या घरी आल्या. पतीच्या धर्मांतराची वार्ता त्यांच्यावर वज्रासारखी कोसळली. पती जिवंत असूनही तो आपला राहिला नाही, अशा अवस्थेत लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या आणि त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. ज्या विठ्ठलाच्या दर्शनासाठी महाराष्ट्र पायी चालत येतो, त्याच्या सावलीत राहूनही या बाईच्या जिवाला चैन नव्हते.

एका माणसाला देव सापडला आणि त्याच वेळी त्याच्या पत्नीचे जग उद्ध्वस्त झाले. ही वेदना झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवाची ओढ पवित्र खरी. परंतु ती माणसाच्या हातून घडते आणि माणसाचे हात कधी कधी जवळच्यांनाच जखमी करतात. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या स्वतःचा धर्म सांभाळूनच. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने आणि अनुभवाने पटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या वाटेने. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे ज्या निर्मळ विनोदाने आणि निखळ सत्याने सांगितले आहे, त्याला मराठी वाङ्मयात तोड नाही. ईश्वराची ओढ उसनी घेता येत नाही, पतीकडूनसुद्धा नाही, हे या ग्रंथातून आम्ही शिकलो.

मिळाल्यावर वाढणारी ओढ

टिळकांच्या चरित्रातील जी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती बाप्तिस्म्यानंतरची आहे. सर्वसाधारण समजूत अशी, की शोध हा श्रद्धेपूर्वी असतो. श्रद्धा लाभली, की शोध संपतो. टिळकांचे उत्तरायुष्य या समजुतीला खोटे पाडते.

अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत नगर येथे त्यांनी अध्यापन केले. १९०४ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. घर, मान, कार्य सारे होते. तरीही काहीतरी उणे आहे, असे त्यांना वाटत राहिले. पाश्चात्त्य पद्धतीची उपासना ते मनापासून करीत. पण तिच्यात आपल्या लोकांचा जीव रमत नाही, हे त्यांना दिसत होते. तेव्हा ते मागे वळले, ते संतांकडे. ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा यांची वाणी त्यांच्या कानांत लहानपणापासून होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणांशी पोहोचलो, अशा अर्थाची कबुली त्यांनी उघडपणे दिली आहे. ओलांडलेला पूल त्यांनी पाडून टाकला नाही. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सारे त्यांनी ख्रिस्तभक्तीच्या सेवेत आणले. त्यांच्या पदांतून प्रभू येशू गुरू झाला, सखा झाला आणि माउलीही झाला. निकोल मॅक्निकोल यांनी त्यांतील काही पदे इंग्रजीत नेली, तर जॅक विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

या पदांचा मुख्य स्वर समाधानाचा नाही, तो ओढीचा आहे. देव जितका लाभावा तितकी त्याच्यासाठी तळमळ वाढावी, हा भाव त्यांच्या वाणीत पुन्हा पुन्हा येतो. ज्याला अद्याप काहीच मिळाले नाही त्याची तहान वेगळी आणि ज्याने एक घोट घेतला आहे त्याची तहान वेगळी. पहिली पाण्याच्या अभावाने लागते. दुसरी पाण्याच्या गोडीने.

आपल्या कॅथॉलिक परंपरेला हे अनुभवविश्व नवे नाही. मानवी हृदय देवासाठीच घडविलेले असल्यामुळे देवाविना ते अस्वस्थच राहते, हा संत ऑगस्टीन यांचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. संत योहान ऑफ द क्रॉस यांनी १५७७-७८ मध्ये तोलेदोच्या कोठडीत बंदिवान असताना आत्म्याच्या विरहाची आणि मीलनाची गीते रचली. कलकत्त्याच्या संत तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. कारण दीर्घ काळ त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते आणि तरीही त्याची ओढ तसूभर कमी झाली नव्हती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात पहिल्याच प्रकरणाचा आरंभ मानवी हृदयात कोरलेल्या देवाच्या आसेपासून होतो. आज्ञा आणि संस्कार यांचे विवेचन पुढे येते. हा क्रम आपण लक्षपूर्वक पाहिला पाहिजे.

टिळकांची ओढ त्यांना आणखी एका टोकापर्यंत घेऊन गेली. १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या बंधुसमाजाचा आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात असावेत, अशी त्यांची कल्पना होती. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती जीवनाचा दरवाजा आहे, असे मानणाऱ्या आपल्या ख्रिस्तसभेला ही कल्पना जशीच्या तशी मान्य होणे कठीण; आम्हांलाही ती मान्य नाही. परंतु उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या तळमळीलाही प्रभूच्या घरात काही स्थान असले पाहिजे, हा तिच्यातील आग्रह मोलाचा आहे. याकोबाच्या विहिरीवर त्या शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने तिचा धर्म आधी विचारला नाही. त्याने आधी पाणी मागितले.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. ज्या पत्नीचे जग त्यांच्या शोधापायी एकदा कोसळले होते, तिनेच मागे राहून ते महाकाव्य पुरे केले. १९३६ साली लक्ष्मीबाईही गेल्या. गोमंतकातील ‘ख्रिस्तपुराणा’नंतर तीन शतकांनी प्रभूची कथा पुन्हा एकदा मराठी ओवीत उतरली आणि या वेळी तिला स्त्रीचा हात लागला होता.

आमचा वाटा

टिळक प्रॉटेस्टंट होते; म्हणून आपल्या कॅथॉलिक वर्तुळात त्यांचे नाव पूर्वी काहीशा संकोचाने घेतले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यासंबंधीचा आणि १९६५ साली अन्य धर्मांशी असलेल्या नात्यासंबंधीचा जाहीरनामा काढला, तेव्हाच या संकोचाचे कारण उरले नव्हते. त्याच परिषदेने मिस्सा लोकभाषेत आणली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. २०२४ साली ते प्रभुघरी गेले. मराठी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द परस्परांना परके नाहीत, हे सिद्ध करण्याची आवश्यकता आता राहिलेली नाही.

आवश्यकता आहे ती निराळ्या गोष्टीची. शहाड-कल्याणच्या आमच्या वस्तीत कोणी वसईचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे, कोणी नगर-जालन्याकडचे आहेत. पोटापाण्यासाठी आमची कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. मुले इंग्रजीत प्रार्थना म्हणतात, तीही देव ऐकतोच. परंतु पाठ केलेले शब्द संपल्यावर, अंधारात एकट्याने देवाला हाक मारायची वेळ येते तेव्हा ओठांवर कोणती भाषा येईल? साष्टीच्या त्या भाविकाची तक्रार आज आमची मुले करीत नाहीत. आपल्याला काही उणे आहे, हेच त्यांना जाणवू नये, याची आम्हांला अधिक काळजी वाटते. तहान लागली तर विहीर सापडेल. तहानच लागली नाही तर विहिरीकाठीही माणूस कोरडाच राहील.

म्हणून गतवर्षीपासून आम्ही काही कुटुंबांनी एक छोटासा परिपाठ आरंभिला आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, ‘स्मृतिचित्रे’तील एखादे प्रकरण वाचायचे, टिळकांचे एखादे भजन म्हणायचे आणि शेवटी काही वेळ काहीही न मागता स्वस्थ बसायचे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड जाते, हे येथे कबूल केले पाहिजे. पहिल्या काही मिनिटांतच मागण्यांची यादी मनात गर्दी करते. मागच्या आषाढीला अशा बैठकीसाठी निघालो असता मंदिराकडच्या रस्त्यावर वारकरी आडवे आले. आमच्यातील एक वयोवृद्ध बाई, ज्या कधी कोणासाठी थांबत नाहीत, त्या कडेला थांबल्या. सारी दिंडी पुढे जाईपर्यंत त्या हात जोडून उभ्या होत्या. त्या दिवशी बैठकीस आम्हांला उशीर झाला आणि त्याबद्दल कोणीही कोणाला बोलले नाही.